चारही एका बाजूला

माझ्या वहिनींना खोटं ठरवणाऱ्या माणसाचं थोबाड मी फोडलं नाही, याची रुखरुख मला अजून आहे. फोडायलाच हवं होतं. वहिनींनी माझा दंड धरून ठेवला होता म्हणून तो वाचला, आणि वर दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर मला म्हणतो कसा, "काय, बरं चाललंय ना?" बरं चाललंय! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा कोण उपटसुंभ मधेच ओरडतोय. मी काच फुंकतो. आमच्या संशोधन संस्थेत तळमजल्यावर मागच्या अंगाला माझी खोली आहे, तिथे दिवसभर ज्योतीसमोर बसायचं आणि कोणाला वाकडी नळी, कोणाला दोन तोंडांचा चंबू, कोणाचं फुटलेलं जोडून द्यायचं. माझं डोकं गरम आहे असं घरीदारी सगळे म्हणतात. असेल. दिवसभर आगीसमोर बसून गार राहून दाखवा, मग बोला.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. दादा शाळेत चित्रकला शिकवतो आणि इतका शांत आहे की कधीकधी तो घरात आहे हेच लक्षात येत नाही. सगळा आवाज वहिनींचा. रसायनशास्त्रात त्या पहिल्या आलेल्या, पण लग्न झालं, दोन मुली झाल्या, आमची आई होती, मी होतो, आणि पदवी कपाटात गेली. पुढची कित्येक वर्षं त्यांनी घरी शिकवण्या घेतल्या. मुली मोठ्या झाल्या तेव्हा संस्थेत कंत्राटावर एक जागा निघाली आणि मीच त्यांच्या मागे लागलो. मुलाखतीत कोणीतरी विचारलं, "मधली इतकी वर्षं काय करत होता?" वहिनी म्हणाल्या, "माणसं वाढवत होते. मुली झाल्या मोठ्या, एक दीर तेवढा राहिलाय." सगळे हसले आणि जागा मिळाली. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नव्हतो.

लॅबमधली पोरं त्यांना काकू म्हणायला लागली. काकूंची बोटं कायम जांभळी. त्या बनवत ते पदार्थच तसे, एकदा कातडीला लागले की साबण हरतो. भाजीवाली विचारायची, "बाई, रोज काय सोलता?" तर वहिनी म्हणायच्या, "साहेबांची सालं." काम करताना त्या भांड्यांशी बोलायच्या. "उतर की गं बाई आता, किती नखरे!" असं त्यांना मी बनवून दिलेल्या काचेच्या नळीला म्हणताना मी स्वतः ऐकलंय. आणि भांडं नीट न धुता ठेवणाऱ्याची त्या अशी हजेरी घ्यायच्या की डॉक्टरेट झालेली पोरंसुद्धा चंबू पाठीमागे लपवून पळायची.

आणि ते साहेब! वहिनींच्या विभागाचे प्रमुख. आम्ही मागे त्यांना घाईसाहेब म्हणतो. चहा उभ्यानं, फोन चालता चालता, शर्टाचं एक बटण नेहमी शेजारच्या काजात. माणूस वाईट नव्हता असं दादा म्हणतो. दादाला वाघसुद्धा वाईट वाटत नाही.

वहिनी नेमकं काय करायच्या हे आम्हाला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा जेवणं झाल्यावर आईनंच विचारलं, "तू रोज ते जांभळं जांभळं काय करतेस गं?" तेव्हा वहिनी उठल्या, एक ताटली आणि दोरीवरचे चार कपड्यांचे चिमटे घेऊन आल्या.

"हे बघा आई. आपल्या पेशीत डीएनए असतो. तो म्हणजे पीळ घातलेली शिडी समजा. आणि ही ताटली म्हणजे माझा रेणू, पॉर्फिरिन. रक्ताचा लाल आणि पानाचा हिरवा याच घराण्यातले. माझ्या ताटलीला चार कोपऱ्यांवर चार कड्या आहेत आणि प्रत्येक कडीवर धन भार आहे. शिडीच्या बाजूंवर ऋण भार. म्हणून शिडी हिला ओढते."

"ओढली म्हणजे चिकटली," मी म्हणालो.

"भाऊजी, ओढ लागली म्हणजे लग्न टिकतं का? कुठे बसायचं, कसं बसायचं, ते अंगावर ठरतं." त्यांनी ताटली आमच्या ताटाळ्यात दोन ताटांच्या मधे सरकवली. "प्रत्येक कडीवर एक खुंट असतो, भार असतो तिथे. तो जर ताटलीपासून लांब असला, तर कड्या आडव्या होऊ शकतात. मग ताटली अशी सपाट होऊन शिडीच्या दोन पायऱ्यांच्या मधे शिरते. पण तोच खुंट जर ताटलीला लागून असला, तर कडीला आडवं होताच येत नाही. ती उभीच राहते. मग ताटली आत शिरत नाही, बाहेरूनच शिडीच्या खाचेत बसते. माझी ही दुसरी जात. अडेलतट्टू."

मग त्यांनी ताटलीच्या कडेला चार चिमटे लावले. "आता गंमत बघा. कडी उभी आहे, म्हणजे तिचा खुंट ताटलीच्या वर तरी असेल नाहीतर खाली तरी. चारही वर असतील. तीन वर, एक खाली असेल. शेजारचे दोन वर आणि दोन खाली असतील. किंवा एक वर, एक खाली, असे आळीपाळीनं. चार प्रकार झाले. वजन तेच, रंग तोच, कागदावर लिहिलं तर अक्षर न् अक्षर तेच."

"मग तेच की सगळे," आई म्हणाली.

"तेच नाहीत ना! चारही एका बाजूला असले की चारही ओढी एकाच अंगानं लागतात. शिडीला असा गच्च धरतो तो." आणि त्यांनी आईचा पंजा दोन्ही हातांत घट्ट धरला. आई हसायला लागली.

मुख्य गोष्ट पुढे होती आणि ती मी तेव्हा हसण्यावारी नेली. दादानं विचारलं, "पण हे चिमटे असेच राहतात? फिरत नाहीत?"

"गार असेपर्यंत नाही फिरत. उकळलं की गरागरा फिरतात. मग थंड झाल्यावर ज्याचं तोंड जिकडे, तो तिकडे थांबला. चार नाणी उडवल्यासारखं. चारही एका बाजूला पडणं म्हणजे नशीब, आठातला एक वाटा."

तो आठातला एक वाटा वेगळा काढणं हे वहिनींचं काम होतं. त्यासाठी मी त्यांना एक उंच, बारीक नळी बनवून दिली होती, भोवती दुसरी काच, मधून सतत गार पाणी फिरणारं. नळीत पांढरी भुकटी ठासायची, वरून तो जांभळा पदार्थ सोडायचा, मग खारं पाणी थेंबाथेंबानं. सबंध दिवस उभं राहिल्यावर नळीत जांभळ्या रंगाच्या चार कड्या वेगवेगळ्या दिसायला लागायच्या, एकेका प्रकाराची एकेक. हवी ती कडी पकडायची, बाकीच्या तीन एकत्र करून मुद्दाम उकळायच्या. उकळल्या की परत सगळ्यांची सरमिसळ, परत आठातला एक वाटा. परत नळी. वहिनींच्या टेबलावर कायम काहीतरी उकळत असायचं ते हे, उरलंसुरलं. हवी ती कडी मात्र बर्फातच. तिचं पाणी काढायचं तेही गोठवून, मशीनवर हळूहळू, दोन दिवस लावून. वर्षभर राबून बोटाच्या पेरावर मावेल एवढी भुकटी जमली होती.

आणि ती खरंच डीएनएला गच्च धरत होती! वहिनींनी चारही प्रकार मोजले, पुन्हा पुन्हा मोजले, आणि चारही एका बाजूला असलेला सगळ्यांत पुढे. घाईसाहेबांचा आनंद गगनात मावेना. भाषणं झाली, लेख छापून आला, दुसऱ्या एका मोठ्या लॅबनं निरोप धाडला की आम्हालाही नमुना द्या, आम्हीही मोजून बघतो. त्यांचा माणूस कामासाठी इकडे येणारच होता, तो नेणार असं ठरलं.

त्याच आठवड्यात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन. दादाची शाळेत परीक्षा चालू, मी धावपळीत, आईजवळ दवाखान्यात वहिनीच. तिथे घाईसाहेबांचा फोन आला तेव्हा मी शेजारी उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "सर, फ्रीझरमध्ये वरच्या कप्प्यात चंबू आहे. अजून पाणी काढायचं राहिलंय. गोठवून वाळवायच्या मशीनवर लावावा लागेल. मी परवा येते आणि लावते." पलीकडून, "हो हो, ठीक आहे, आईंची काळजी घ्या." एवढं गोड बोलला तो माणूस.

महिना दीड महिना गेला. दुसऱ्या लॅबचं उत्तर आलं. तुमच्या नमुन्यात आम्हाला काहीही विशेष दिसलं नाही, साध्या सरमिसळीसारखाच तो डीएनएला धरतो, तुमचे आकडे कुठून आले ते कळवा.

घाईसाहेबांनी वहिनींना खोलीत बोलावून विचारायचं की नाही? नाही! लॅबमधल्या सगळ्या पोरांना गोळा केलं, वहिनींना उभं केलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यापुढे या बाईंच्या आकड्यांवर कोणी विसंबू नका. घरच्या कामासाठी रजा काढायच्या आणि मग राहिलेलं अंदाजानं भरायचं, हे इथे चालणार नाही." विशी-पंचविशीतली पोरं खाली मान घालून उभी. ज्यांना वहिनींनी नळी ठासायला शिकवलं, त्यातलं एक म्हणून तोंड उघडेना. कंत्राट पुढे वाढवायचं होतं ते थांबवलं आणि चौकशीला तीन जणांची समिती नेमली.

मला हे माझ्या खोलीत कळलं. हातात तापलेली नळी होती ती तशीच टाकली आणि जिना चढायला लागलो. वहिनी मधल्या टप्प्यावर भेटल्या. त्यांनी माझा दंड धरला. "भाऊजी, परत फिरा."

"अहो तो काय वाट्टेल ते बोलतो!"

"मारून माझं नाव साफ होणार आहे का? उलट म्हणतील, खोटं पकडलं गेलं म्हणून दीर मारायला आला. फिरा परत."

घरी आल्यावर त्यांनी भांडी अशी घासली की एक कढई मी दुसऱ्या दिवशी सरळ करून आणली. आणि आई! आई अंथरुणात, वॉकर अजून यायचा होता. तिच्या कानावर ते गेलंच. मुलींपैकी कोणीतरी बोललं. आई म्हणाली, "माझ्या हाडापायी तुझं नाव गेलं गं." वहिनी म्हणाल्या, "काहीतरीच काय." पण त्या दिवसापासून आईनं हाक मारणं बंद केलं. पाणी हवं असलं तरी मागायची नाही. कूस बदलायची असली तरी तशीच पडून राहायची, दादा किंवा मी दिसेपर्यंत. वहिनी खोलीत आल्या की झोपल्याचं सोंग. वहिनींना ते कळत होतं. एकदा त्या ओट्याशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "नोकरी गेली तर गेली, शिकवण्या घेईन परत. पण ह्या म्हातारीला त्यानं माझ्यापुढे चोर करून ठेवलं, ते मी सोडणार नाही."

सुरुवातीला त्यांनी स्वतःवरच संशय घेतला. भांडी, तराजू, खारं पाणी, सगळं तपासलं. मग दुसऱ्या लॅबला विनंती करून उरलेला नमुना परत मागवला आणि माझ्या त्या उंच नळीत सोडला. संध्याकाळपर्यंत नळीत चार कड्या! एक हवी होती तिथे चार, आणि त्याच मापात, आठातला एक वाटा आणि बाकीचे. नाणी उडवल्यासारखे. वहिनी नळीकडे बघत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "उकळलंय ह्याला."

सरळ घाईसाहेबांच्या खोलीत गेल्या. मीही मागे गेलो, दारात उभा राहिलो.

"सर, मी दवाखान्यात होते तेव्हा नमुन्याचं पाणी कसं काढलंत?"

"कसं म्हणजे? तो माणूस त्याच संध्याकाळी निघणार होता. मशीनला दोन दिवस कोण देणार? मीच हॉटप्लेटवर आटवलं. पाणीच तर होतं."

"उकळलंत?"

"तुम्ही स्वतः नाही उकळत? तुमच्या टेबलावर रोज तेच रटरटत असतं!"

वहिनींचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं आता पेपरवेट उचलतील. त्या फक्त म्हणाल्या, "ते उरलेलं असतं सर. ते मी मुद्दाम बिघडवायला उकळते."

घाईसाहेबांना कळलं. शप्पथ सांगतो, त्या क्षणी त्यांना कळलं, मी डोळ्यांनी पाहिलं. डोळे एकदा गरकन फिरले. ज्या रेणूवर आयुष्यभर भाषणं ठोकली तो उकळल्यावर काय करतो हे ते घाईत विसरले होते. आणि कळल्यावर काय केलं या माणसानं? कानावर हात ठेवले! "उकळल्यानं वजन बदलत नाही, रंग बदलत नाही. तुम्ही आता आपली चूक माझ्या अंगावर ढकलताय. जे सांगायचं ते समितीला सांगा."

बाहेर आल्यावर मी भिंतीला लाथ मारली. पायाचं बोट सुजलं, दुसरं काही झालं नाही.

वहिनींकडे शुद्ध पदार्थ थोडासा उरला होता. पहिल्या मोजणीनंतर बाजूला ठेवलेला, फ्रीझरमध्ये, वर्षभराच्या मेहनतीतलं तेवढंच शिल्लक. त्यांनी मला सांगितलं, "दोन लहान नळ्या बनवा. अगदी सारख्या. केसाचा फरक नको."

दादाला ते कळलं तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. "त्यातलं अर्धं उकळणार? अगं तेवढंच तर आहे तुझ्याकडे. त्यांनी बिघडवायचं आणि सिद्ध करायला तू परत बिघडवायचं, हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच आहे," वहिनी म्हणाल्या. "पण दुसरं काय दाखवू? रंग तोच, वजन तेच. नळीशिवाय त्यांना दिसणार कसं?"

समितीच्या दिवशी नळ्या उभ्या करायला कोणीतरी हवंच होतं, म्हणून मी आत होतो. लांब टेबल, तीन जण. मधोमध दुसऱ्या विभागातल्या पांढऱ्या केसांच्या बाई, त्याच अध्यक्ष. बाजूला दोघे, एक घड्याळाकडे बघणारा आणि एक कोणाकडेच न बघणारा. घाईसाहेब खुर्चीच्या टोकावर, उठायच्या तयारीत.

वहिनींनी बर्फातली छोटी बाटली काढली. दोन भाग केले. एक परत बर्फात ठेवला. दुसरा हॉटप्लेटवर ठेवला, आणि बटण न लावता मागे सरकल्या.

"सर म्हणतात उकळल्यानं काही होत नाही. मग सरांनीच उकळावं. मी हात लावला तर उद्या म्हणतील मीच काहीतरी मिसळलं."

"हे काय नाटक आहे?" घाईसाहेब म्हणाले. "रेणू काय उकळल्यानं तुटतो?"

"तुटत नाही. फिरतो."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "लावा बटण."

आणि घाईसाहेबांचा हात पुढे जाईना. सगळ्या गोष्टी धावत करणारा माणूस, त्या दिवशी त्याला घाई नव्हती! दोनदा चष्मा पुसला. बाटलीकडे पाहिलं, वहिनींच्या जांभळ्या बोटांकडे पाहिलं. तेव्हा हात मागे घेऊन खरं बोलला असता तर ते वर्षभराचं वाचलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नाही बोलला. बटण फिरवलं.

ते उकळायला लागलं. वहिनी हाताची घडी घालून बघत होत्या, पापणी न लववता. मी पाहिलं होतं त्यांना ते बनवताना, उभं राहून पाय सुजलेले, खारं पाणी थेंबाथेंबानं. आणि आता ते रटरटतंय, आणि रंग तोच, जराही बदलला नाही. घड्याळवाला म्हणालासुद्धा, "काहीच तर झालं नाही." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं घड्याळ खिशात टाकलं.

मग दोन्ही नळ्यांत दोन्ही भाग सोडले. चहा आला, प्यायला गेला, परत आला. बर्फातला भाग एकच कडी होऊन खाली सरकत होता, सरळ, काठ अगदी साफ. उकळलेल्याच्या आधी दोन झाल्या, मग तीन, मग चार. अध्यक्षबाई खुर्चीतून उठून नळीपाशी येऊन वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"दिसलं," त्या म्हणाल्या. "मग आता? काहीतरी गैरसमज झाला होता असं नोंदवू आणि कंत्राट वाढवू. मिटलं."

"नाही मिटलं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "मला खोटी म्हटलं ते बंद खोलीत नाही म्हटलं. लॅबमध्ये म्हटलं, पोरांसमोर. माझ्या सासूबाईंच्या आजारपणाला मधे ओढून म्हटलं. ते तिथेच, त्याच पोरांसमोर, यांनी मागे घ्यायचं. नाहीतर तुमचं कंत्राट तुमच्याकडेच राहू द्या, मला नको."

"मी सगळ्यांना मेल टाकतो," घाईसाहेब म्हणाले.

"मेलनं बदनामी केली होती का?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "चला."

लॅबमध्ये सगळी पोरं परत गोळा झाली, परत खाली मान. घाईसाहेब दारापाशीच उभे राहिले. "काकूंच्या नमुन्याच्या बाबतीत एक चूक झाली होती. ती आता—"

"कोणाची?" वहिनींनी विचारलं.

मी मुठी आवळून उभा. वहिनी वाट बघत राहिल्या, नळीसमोर उभ्या राहतात तशा.

"माझी," घाईसाहेब म्हणाले. "मी उकळलं. त्यांचे आकडे बरोबर होते."

"आणि रजेचं?"

"त्यांच्या रजेचा याच्याशी काही संबंध नाही."

पोरांनी माना वर केल्या. आणि दुसऱ्या क्षणाला, खोटं सांगत नाही, हा माणूस हात पुढे करून म्हणतो, "द्या, ती चांगली कडी द्या इकडे, आजच्या आज त्या लॅबला पाठवून टाकतो!" वर्षभराच्या मेहनतीतलं निम्मं त्याच्यापायी उकळलं होतं आणि उरलेल्यावर हात! वहिनींनी चांगली कडी उतरवून घेतलेली बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्या हातात दिला. "भाऊजी, तुम्ही धरा. हे मीच वाळवणार, मीच पाठवणार, लागतील तेवढे दिवस लागू देत." मी डबा छातीशी धरून उभा राहिलो, बोटं बधिर झाली तरी. उकळलेल्या भागाच्या चार कड्याही त्यांनी दुसऱ्या बाटलीत भरून घेतल्या होत्या. त्यातून आठातला एक वाटा परत काढता येतो. बाकीचं परत उकळायचं, परत नळी.

घरी आलो तेव्हा आई डोळे मिटून पडलेली. सोंग. वहिनी पर्स न ठेवताच तिच्या उशाशी जाऊन बसल्या.

"आई, ऐकताय ना? साहेब सगळ्यांसमोर बोलले. चूक त्यांची होती. माझ्या रजेचा काही संबंध नव्हता, असंही म्हणाले. पोरांसमोर, उभं राहून."

आई डोळे मिटूनच म्हणाली, "तुझ्या दिराला विचारते."

"मी तिथेच होतो आई," मी म्हणालो. "अगदी असंच म्हणाला तो मेला."

मग आईनं डोळे उघडले आणि हात वर केला.

"किती दिवस झाले, ह्या एका कुशीवर अंग आंबून गेलंय माझं," ती वहिनींना म्हणाली. "मला जरा उठवून बसव गं."